बोडीतला राकस

माझ्या बायकोच्या अंगात चार महिने एक राकस येत होता. स्वभावानं तो फार गरीब होता. हे लिहिताना हात थांबतो, कारण भूत-बित काही नसतं असं मी जन्मभर शाळेत मुलांना शिकवत आलो. पण झालं ते असंच झालं.

आमचं गाव तुमसरपासून सायकलनं तासाभरावर. घरची थोडी धानाची शेती, आणि मी गावातल्याच प्राथमिक शाळेत मास्तर. घरात माझी माय, बायको, मी आणि आमची मुलगी. मुलगी चार वर्षांची व्हायची होती. आमच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, लागून एक बोडी होती. पावसाचं पाणी अडवून धानाला देण्यासाठी बांधलेल्या लहान तलावाला आमच्याकडे बोडी म्हणतात.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा पावसाळा. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू होता. रविवार असल्यानं मी घरी होतो. माय सकाळीच रोवणाऱ्या बायांना घेऊन पुढं गेली होती. मी ओसरीवर शाळेचं मासिक पत्रक भरत बसलो होतो; दुसऱ्या दिवशी ते पंचायत समितीत पोचवायचं होतं. मुलगी शेजारी खेळत होती. तिचा पाय लागून दौत सांडली आणि अख्ख्या पत्रकावर शाई पसरली. मी ओरडलो, "घेऊन जा हिला इथून!"

बायको भाकरी बांधत होती. म्हणाली, "राहू द्या ना जी तुमच्यापाशी. बोडी काठोकाठ भरून हाये. मी रोवणा करू का हिच्याकडं पाहू?"

"घेऊन जा म्हटलं ना."

ती घेऊन गेली.

बोडीच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पळसाखाली पोतं अंथरून तिनं मुलीला बसवलं. दुपारपर्यंत दर दोन-चार मुठी रोवल्या की ती मान वर करून पाहायची. एकदा पाहिलं तर पोतं रिकामं. मासे धरणाऱ्या ढिवरांना बोलावलं, त्यांनी जाळं टाकलं. मी पोचलो तेव्हा मुलीला पारीवर ठेवलेलं होतं आणि बाया गोल करून उभ्या होत्या.

माय बायकोवर धावून गेली. "ध्यान कुठं होतं तुहं? लेकरू घरी ठेवता येत नव्हतं?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग खाली चिखलाकडं पाहत राहिली. सकाळी घरात काय बोलणं झालं हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. ती बोलली नाही. मीही बोललो नाही.

त्यानंतर ती घरातली सगळी कामं करायची, पण विचारलं तेवढंच बोलायची. गावातल्या बाया समजावून गेल्या, तिचा भाऊ येऊन गेला. दिवाळी झाली, धान कापून झालं. कार्तिकातल्या एका दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी आलो तर ती अंगणाच्या टोकाला, कुंपणाजवळ, बाप्यासारखी उकिडवी बसलेली. डोक्यावरचा पदर खाली पडलेला. मी म्हटलं, "काय झालं? तिथं काहून बसलीस?"

तिनं हात जोडले. आवाज जाड होता, पण हळू होता.

"गुरुजी, मी अंदर येत नाई. मी बोडीतला राकस होय. तुमची पोरगी मीनं नेली."

माय आतून ऐकत होती. ती झाडू घेऊनच बाहेर आली. तिनं मिरच्यांचा धूर केला, शिव्या दिल्या, झाडूनं दोन-तीन फटके मारले. राकस खाली मान घालून बसून होता. म्हणाला, "मारा माय. पण हाकलू नका. मले देवाचं नाव घ्याचं हाये."

पंधरा-वीस मिनिटांनी बायकोनं पदर सावरला, इकडंतिकडं पाहिलं आणि चुलीकडं गेली. तिला काही आठवत नव्हतं. निदान ती तसं म्हणाली.

मग तो येतच राहिला. आठवड्यातून तीन-चार वेळा, मी शाळेतून घरी आल्यावर. कधी उंबरा ओलांडला नाही. अंगण झाडायचा, गुरांपुढं तणीस टाकायचा. एकदा मायनं बोडीतलेच मासे रांधले होते. बायकोला मासे जिवापाड आवडायचे. त्या दिवशी ताट पुढं आलं तेव्हा अंगात तो होता. त्यानं ताट हळूच सरकवलं. "त्या पाण्यातलं लई खाल्लो मी. आता सोडलं."

पहिल्यांदा मला वाटलं, ही ढोंग करते. मग वाटलं, हिचं डोकं फिरलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं पाहिजे. पुढं पुढं मी असा विचार करणंच सोडलं. कारण एक दिवस मीच त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि विचारलं, "तिला दुखलं काय रे?"

"नाई गुरुजी. थोडी घाबरली होती."

"तू काहून नेलं तिला?"

"पाण्यात लई वर्सं एकटा होतो. ती काठावर आली. मीनं हात धरला, खेळाले. मंग सुटलाच नाई तो हात." त्यानं तो हात मातीला पुसला. "तुमचा काई दोष नाई गुरुजी. बाईचाबी नाई. सारा दोष माहा हाये."

मला तिथंच बोलता आलं असतं. अंगणात तिसरं कोणी नव्हतं. मी बोललो नाही, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरं वाटलं. पुढच्या दिवसांत मी शाळा सुटायची वाट पाहू लागलो. घरात मुलीविषयी कोणी बोलत नव्हतं; मायनं तिचे कपडेही कुठं तरी देऊन टाकले होते. फक्त राकस बोलायचा. मुलगी हसताना एक डोळा मिटायची, हे त्याला माहीत होतं.

एकदा तो म्हणाला, "गुरुजी, मले दोन अक्षरं शिकवा. पोथी वाचाची हाये मले."

शाळेतली एक पाटी मी घरी आणली. अंगणात बसून आमचा अभ्यास चालायचा. त्याची बोटं कडक होती, पेन्सिल मोडायची, पण एकदा शिकवलेलं अक्षर पुढच्या खेपेला बरोबर निघायचं. महिन्याभरात त्यानं 'देव' लिहिलं, मग 'दया' लिहिलं. लग्नाला सात वर्षं झाली होती. मी गावच्या पोरांना शिकवत होतो आणि माझ्या बायकोला सही येत नव्हती, ही गोष्ट तोवर माझ्या मनातही आली नव्हती. कुंपणाला टेकून मी त्याचा हात धरून गिरवायचो तेव्हा तो हात माझ्या बायकोचा आहे हे मी विसरत नव्हतो. लग्न झाल्यापासून इतका वेळ आम्ही कधी जवळ बसलो नव्हतो.

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. शाळेत मुलं मला पाहून कुजबुजायची. बायकोनं विहिरीवर पाय ठेवला की बाया घागरी उचलून घ्यायच्या. मायनं माझ्या नकळत शेजारच्या गावातून एक मांत्रिक आणला. लिंबू, शेंदूर, वेताची छडी सगळं घेऊन तो अंगणात बसला आणि ओरडला, "बोल, कोण तू? जातो का नाही?"

राकसानं त्याला नमस्कार केला. "राकस होय मी. जावाचं हाये मले, पण असं नाई. देवाचं नाव भेटलं का जातो." आणि मारायला सोपं जावं म्हणून पाठ फिरवून बसला.

मांत्रिकानं दोन छड्या मारल्या. तिसरीला त्याचा हात वर गेला आणि तसाच राहिला. सामान पिशवीत भरत तो मायला म्हणाला, "हा भांडूनच नाई राहिला, बुढे. याले मी काय काढू?"

त्यानंतर राकसानं मला सांगितलं, "मले मठात न्या. तिथं आमच्यासारखे लई येतात म्हणते."

वैनगंगेच्या पलीकडं महानुभाव पंथाचा एक लहान मठ होता. पौर्णिमेच्या आरतीला तिथं अंगात येणारी माणसं आणायची रीत होती. मी बायकोला विचारलं, "जायचं काय?" ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "न्या."

माघाची पौर्णिमा होती. सकाळच्या एसटीनं आम्ही भंडाऱ्याला गेलो, तिथून दुसरी बस. मठ म्हणजे कौलारू देऊळ, आत एक दगडी ओटा, त्यावर लोक माथा टेकवत होते. दुपारची आरती सुरू झाली, झांजा वाजू लागल्या आणि आजूबाजूची माणसं झुलायला लागली. एक म्हातारी केस सोडून घुमत होती. एक धिप्पाड माणूस खांबावर डोकं आपटत ओरडत होता, "नाही जात! नाही जात!" त्याला चौघांनी धरून ठेवलं होतं. त्या सगळ्या गोंधळात माझी बायको हात जोडून, डोळे मिटून बसली होती. तिचे ओठ हलत होते.

मठात एक म्हाताऱ्या तपस्विनी होत्या. काळी वस्त्रं, मुंडण केलेलं डोकं, बोलणं अगदी साधं. आरती संपल्यावर त्या आमच्यासमोर येऊन बसल्या. राकसानं जमिनीला डोकं लावून "दंडवत" म्हटलं आणि सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

मग म्हणाल्या, "बाकीच्यांना जायचं नसतं, त्यांना हाकलावं लागतं. तू तर आपणच दारात उभा आहेस. नाव देईन तुला. पण तू आधी यांचा अपराधी आहेस, देवाचा मागाहून. ज्यांचं लेकरू गेलं त्यांनी क्षमा केली पाहिजे." माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "करता का?"

राकस माझ्याकडं वळला. डोळे बायकोचेच होते. पारीवर चिखलात उभी असताना तिनं पाहिलं होतं तसेच. आता सांगावं असं मला वाटलं. लोक जमले होते. कोणी तरी ओळखीचंही असेल. मी वर्गात बोलतो तशा मोठ्या आवाजात म्हणालो, "केली क्षमा."

तो हलला नाही. हात जोडलेलेच होते. "गुरुजी, अजून काई म्हणाचं हाये काय?"

"नाही."

"काईच नाई?"

"नाही म्हटलं ना."

तपस्विनी माझ्याकडं पाहत होत्या. त्या त्याच्या कानाशी वाकल्या. त्यानं ऐकलेलं नाव दोनदा म्हटलं, ओट्यावर कपाळ ठेवलं आणि रडू लागला. पहिल्यांदा जाड आवाजात, मग हळूहळू आवाज बारीक होत गेला. थोड्या वेळानं बायकोनं पदर डोक्यावर घेतला आणि मला म्हणाली, "तहान लागली."

त्या दिवसानंतर तो आला नाही. गावात सगळ्यांना आनंद झाला. बायको विहिरीवर जाऊ लागली, सणावाराला बायांत बसू लागली. मासे मात्र तिनं पुन्हा खाल्ले नाहीत. शाळा सुटली की मी घरी येऊन कुंपणाकडं पाहायचो. एकदा मी पाटी काढून तिच्यापुढं ठेवली. म्हटलं, "देव लिही."

"मले कुठं येते जी लिवता?" ती म्हणाली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. येत नव्हतं की लिहायचं नव्हतं, मी विचारलं नाही.

आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. माय गेली. ऐंशी सालानंतर माझी बदली चिखल्याजवळच्या एका गावात झाली. मँगनीजच्या खाणीतले मजूर, दिवसभर जाणारे ट्रक, धुण्यावर बसणारी काळी धूळ. तिथं आम्ही दोघंच दोन खोल्यांत राहत होतो. दिवसभर घरात बोलणं असं नसायचंच. एका दुपारी जेवताना, काही कारण नसताना, माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्या दिवशी तू म्हणत होतीस, राहू द्या तिला घरी. मी ऐकलं नाही. चूक माझी होती."

तिनं घास खाली ठेवला. "हे तवा सांगाचं होतं जी. किती येळ हात जोडून बसला होता तो."

"मी तुला सांगतोय."

"मले सांगून काय होते आता? ज्याले ऐकाचं होतं तो तर गेला." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं माझ्या ताटात भात वाढला आणि स्वतःचं ताट उचलून मोरीकडं गेली.

पुढच्या पौर्णिमेला मी एकटाच मठात गेलो. त्या तपस्विनी वारल्या होत्या; त्यांच्या जागी एक तरुण साधू होता. आरतीला माणसं घुमत होती, किंचाळत होती. मी त्यांच्यामधे जाऊन बसलो. साधू माझ्याजवळ आल्यावर त्यानं विचारलं, "तुम्हाला काय त्रास आहे?"

मी तोंड उघडलं. शेजारी एका बाईला तिचा नवरा धरून बसला होता. तो माझ्याकडं पाहत होता. मी म्हटलं, "काही नाही. दर्शनाला आलो."

त्यानं हातावर प्रसाद ठेवला. परतीची बस उशिरा सुटली, आणि घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. बायको दारात बसून तांदूळ पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि उठली.

"गर्दी होती काय जी?"

"होती," मी म्हटलं, आणि पाय धुवायला गेलो.