तारेचा जास्तीचा वेढा

फौजेतून परत आलेल्या माणसाला गावात करमत नाही, हे मला आमच्या ह्यांच्यामुळे कळलं. शेती होती, ट्रॅक्टर होता, चार माणसांत मान होता. पण जीव रमायचा तो गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या पाझर तलावावर. घडीची फायबरची काठी, तंगुसाचा दोरा, गळ आणि कणकेचे गोळे घेऊन मोटारसायकलवर निघायचे, ते दिवस कलल्यावर यायचे. पिशवीत चार चिलापी मासळ्या असल्या तर बोलणं गोड, नसल्या तर भाजीत मीठ कमी.

त्या वर्षी दिवाळीनंतर मीठ रोजच कमी पडायला लागलं.

दोष फ्लोटचा, असं ह्यांचं म्हणणं. फ्लोट म्हणजे गळाच्या दोऱ्याला लावलेली तरंगणारी वस्तू. माशाने गळ ओढला की ती बुडते आणि माणसाने काठी उचलायची. गावातली पोरं थर्मोकोलचा नाहीतर जुन्या चपलेचा तुकडा बांधतात. ह्यांना ते चालेना.

"वारं सुटलं की दोरा पान्यावर वढला जातो आन थर्मोकोल नाचत बसतंय. मासा हाय का वारा, कळाय नगं?"

ह्यांना हवा होता वॅगलर. आसामात असताना आपल्या एका साहेबाकडे तो ह्यांनी पाहिला होता. लांब, सरळ काडी, दोरा फक्त तिच्या खालच्या टोकाला अडकवलेला. त्यामुळे दोरा पाण्याखाली राहतो, वाऱ्याच्या तावडीत सापडत नाही, आणि वर नखाएवढं टोक तेवढं दिसत राहतं. फलटणच्या बाजारात विचारलं तर दुकानदाराने फुगे लावायची काडी पुढे केली. मोबाईलवरून मागवलेला आला तो वाटेतच मोडून.

"तूच कर की," हे मला म्हणाले. "शाळंत पोरांस्नी भेंडाच्या गाड्या करायला शिकवत हुतीस न्हवं?"

शिकवत होते खरी. जन्मभर प्राथमिक शाळेत नोकरी केली. कार्यानुभवाच्या तासाला शाळूच्या ताटातलं पांढरं भेंड काढून मी पोरांकडून बैलगाड्या, पलंग, झोपाळे करून घेतले. त्यातले निम्मे पोरांनी चावून टाकले असतील. पण नवऱ्याच्या माशांसाठी ती विद्या कामी येईल असं काही वाटलं नव्हतं. मी बरं म्हटलं, कारण माझ्या मनात दुसरंच काही घोळत होतं.

ह्यांच्या डोळ्यांत काहीतरी बिनसलं होतं. चहा कपाशेजारी ओतला जायचा आणि ह्यांना तो कपच वाकडा वाटायचा. बोलताना माझ्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचे. गळ बांधायची वेळ आली की, "चष्मा घरी राह्यला, तू बांध," म्हणून दोरा माझ्या हातात. त्यामुळे मीही आताशा तलावावर जायला लागले होते. साखरेचा आजार ह्यांना जुना. डोळे तपासून घेऊ म्हटलं की घर डोक्यावर घ्यायचे.

"फौजेत निशाना धरत हुतो मी! मला डोळं दावायला सांगतीस?"

एरवी मी म्हटलं असतं, नका दाखवू, आपटा भिंतीला. पण आमच्या उसाला तोड येणार होती. टोळी ठरली होती. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, हा ह्यांचा हट्ट. दोन ट्रॉल्या उसाने भरून हे स्वतः कारखान्याला जाणार. त्या रस्त्यावर पहाटे अंधारात तोडणीवाल्यांच्या बैलगाड्या चाललेल्या असतात, ना दिवा ना बत्ती. बाया डोक्यावर वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे घेऊन कडेने चाललेल्या असतात, मागे लेकरं. ज्याला कप दिसत नाही त्याला ते लेकरू दिसणार का? ह्या एका विचाराने माझी झोप उडाली होती. ह्यांना काय दिसतं आणि काय नाही, ते मला तोड यायच्या आत कळायला हवं होतं.

भेंडाच्या काड्या पहिल्यांदा फसल्या. करायला सोप्या, पण भेंड पाणी पितं. वरून नेलपॉलिश लावलं तरी कुठूनतरी ओल शिरायची आणि काडी हळूहळू खाली जायची. मग आमच्या रिकाम्या रानात मेंढरं बसली होती, त्यांच्या मालकिणीला विचारलं. माणदेशातली ही माणसं पाऊसकाळ सरला की कळप घेऊन आमच्या बागायती भागात उतरतात. रानाला खत होतं, त्यांना धान्य मिळतं. तिने डोंगरात वेचलेली, मोरांनी गाळलेली पिसं पालावरच्या बोचक्यातून काढून दिली. "द्येवाला हायती का?" म्हणाली. मी म्हटलं, "न्हाई, माश्याला." ती इतकी हसली की तिची कुत्री भुंकायला लागली.

मोरपिसाचा दांडा म्हणजे असली चीज. हलका, ताठ, आत पांढरा गर आणि वरून निसर्गानेच दिलेलं चकचकीत पॉलिश. पातीचे धागे ब्लेडने तासले, दांडा वीतभर कापला, दोन्ही तोंडं गोंदाने बंद केली. खालच्या टोकाला तांब्याची तार गुंडाळायची, म्हणजे वजनाने काडी पाण्यात उभी राहते. त्याच तारेचं एक कडं करायचं, दोरा ओवायला. वरचं टोक रंगवायला बेंदराचा, म्हणजे बैलांच्या सणाचा, हिंगूळ होता. घरचे बैल कधीच गेले, तरी त्यांच्या शिंगांचा तो लाल रंग मी दर साली आणते आणि मातीच्या बैलांना लावते. परसातल्या हौदात काडी सोडून बघायची, तार एकेक वेढा कमी-जास्त करायची, असं चाललं होतं. शेवटी लाल टोक नखाएवढं वर राहून काडी हौदात ताठ उभी राहिली. मला इतका आनंद झाला की क्षणभर मी कशासाठी हे करतेय तेच विसरले.

हौदाच्या काठावर बसल्या बसल्याच मला ते सुचलं. आणखी एक वेढा दिला तर ही काडी तरंगणार नाही, बुडेल. सगळीच्या सगळी. ज्याला दिसतं तो लगेच म्हणेल, अगं, बुडाली की! ज्याला दिसत नाही, तो काय म्हणेल?

मी वेढा दिला. एक नाही, दोन दिले. बरोबर सप्तपदी चाललेल्या माणसाला मी शाळेतल्या पोरासारखी परीक्षेला बसवत होते, आणि पेपर फोडायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आम्ही तलावावर गेलो. मोटारसायकल हेच चालवत होते. मागे बसून मी ह्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडे डोळे फाडून बघत होते आणि पुढे म्हैस आली की मोठ्याने खोकत होते. भरावाच्या खाली गाडी लावली. वारा होताच. पाण्यावर बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. मी दोरा ओवला, गळ बांधला, कणीक लावली. ह्यांनी अंगठ्याने काडी चाचपली. "हलकी हाय. झ्याक केलीस."

ह्यांनी काठी फिरवली. काडी पंधरा-वीस फुटांवर पडली, टप् असा आवाज झाला, पाण्यावर एक वर्तुळ उठलं आणि विरलं. लाल टोक एकदा वर आलं आणि गेलं. पुन्हा आलं नाही. मी पापणी न हलवता बघत होते. पाण्यावर काहीच नव्हतं.

हे खाली बसले, काठी मांडीवर घेतली, मान जराशी वळवली.

म्हणा ना, मी मनात म्हणत होते. म्हणा, काय भिकार काडी केलीस, बुडाली की. शिव्या द्या. मास्तरीण झाली पण अक्कल आली नाही म्हणा. आयुष्यात नवऱ्याचं बोलणं खायला मी इतकी कधी आसुसले नव्हते.

"बघ," हे म्हणाले, "कशी ताठ हुबी ऱ्हायलीया. वारा हाय तरी दोरा वढत न्हाई. आसं पायजे."

तरी मी विचारलं, "दिसतीया न्हवं नीट?"

"न दिसायला काय झालं? लाल टोक हाय की. डुलतंय बघ जराजरा."

मग जे झालं त्याने मला जास्तच भीती वाटली. थोड्या वेळाने ह्यांनी काठी एकदम उचलली आणि दोऱ्याला खरंच हातभर चिलापी लागलेली होती. तेव्हा माझं लक्ष ह्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. दोरा बोटावर घेतलेला होता. ह्यांनी काडीकडे बघितलंच नव्हतं, बोटाने ओळखलं होतं. म्हणजे हे असं किती दिवस चाललं होतं कोण जाणे.

"बघितलीस? बुडाली तशी वढली!" हे हसत होते.

मासा पिशवीत टाकला आणि मी बोलले. न बोलता राहणं मला जमलं नसतं.

"आवं, ती कवाच बुडली हुती. पान्यात पडली तवाच. मी तार जास्त गुंडाळलीया. मुद्दाम."

ह्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यातला रंगच गेला. काठी टाकून उठले आणि भराव उतरायला लागले. पाय एकदा चुकला, सावरले. मी पिशवी टाकून मागे पळाले. हे मोटारसायकलवर बसले, किल्ली लावली. मी पुढच्या चाकासमोर उभी राहिले आणि हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"बाजूला व्हय."

"न्हाई व्हनार. आधी मला घाला चाकाखाली, मग कारखान्याला जावा."

शिवी येईल, धक्का येईल, कशालाही मी तयार होते. ह्यांनी किल्ली काढली. मग म्हणाले, "मधोमध धूर हाय. कडंकडंनं दिसतंय. तुझं तोंड दिसत न्हाई मला. लय दिस झालं."

मला वाटलं तेवढंच. पण हे थांबले नाहीत.

"परवा खताची पोती आनायला ट्रॅक्टर न्हेला. वड्याच्या वळनाला कुनीतरी किंचाळलं. मी ब्रेक मारला. खाली उतरून बघतो तर चाकाफुडं पाटी पडल्याली, भाकरी चिखलात. बाई कडंला बसून थरथरत हुती. कडंवर प्वार. मला ती दिसलीच न्हवती गं. किंचाळली नसती तर..."

इतकं बोलले आणि तोंड फिरवलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. ज्या भीतीने मी रात्र रात्र जागी होते, ती भीती ह्यांच्याजवळ माझ्याआधीच येऊन बसली होती, आणि एका घरात राहून आम्ही एकमेकांना कळू दिली नव्हती. मला ह्यांची दया आली नाही, माया आली. बऱ्याच वर्षांनी इतकी आली.

किल्ल्यांचा जुडगा ह्यांनी माझ्या हातात दिला. "ट्रॅक्टरचीबी हाय त्यात. डायवर बघ कुनीतरी. उद्या दवाखान्यात जाऊ."

गाडी तिथेच भरावाखाली ठेवली आणि चालत निघालो. आमच्याकडे नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे, असंच जातात सगळे. लग्न झाल्यापासून मी ह्यांची पाठ बघत चालले. पायवाटेवर ऊन उतरलं होतं, उसाच्या सावल्या वाटेत आडव्या पडल्या होत्या, आणि हे दर पावलाला अडखळत होते. मग ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या मागे आले.

शेजारचा रानात पाणी पाजत होता. तो खोऱ्यावर हात टेकून बघतच राहिला. "फौजी, गाडी कुठं? आन हे काय, वैनींच्या मागं?"

मी काहीतरी सबब सांगणार होते. हेच मोठ्याने म्हणाले, पलीकडच्या रानातल्या बायांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "डोळं गेल्यात रं माजं. हितनं फुडं ट्रॅक्टर चालवनार न्हाई. म्या वाटंत दिसलो तर मलाच आवाज द्या."

तो खोरं तिथेच टाकून बांधावर आला. खांद्यावरच्या हातावर मी माझा हात ठेवला.

"पाय उचला," मी म्हटलं, "म्होरं पाट हाय."