मोटर जयेल नही

“सतरा नंबर रिकामा झाला,” असं वॉर्डातल्या शिपायानं येऊन सांगितलं, तेव्हा मी हजेरीपुस्तकात रेघा ओढत होतो. सतरा नंबरच्या खाटेवर दगा मिस्त्री होते. त्यांना नाव होतं, नंदुरबारच्या निम्म्या मोटरी त्यांना त्या नावानं ओळखत होत्या, पण शिपायाला ते नाव घ्यावंसं वाटलं नाही. त्याच दिवशी दुपारी कचेरीत चहा पिताना दोघातिघांनी “मोठा कारागीर गेला हो” म्हणून चुकचुक केली आणि बशीत चहा ओतला. याच माणसांनी आठ-नऊ वर्षांपूर्वी त्यांना फाटकाच्या आत येऊ दिलं नव्हतं. मला इतकी शिसारी आली की मी माझा कप तसाच सोडून उठलो. आणि उठलो तेव्हा लक्षात आलं की सगळ्यात जास्त शिसारी मला माझीच आली आहे... ती आज, महिना उलटून गेल्यावरही उतरलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या इस्पितळाला मुंबईच्या कुणा दात्यानं कपडे धुण्याचं विलायती यंत्र दिलं होतं. पिंपाएवढं पोट, खाली मोटर, मधे पट्टा. पहिल्या दिवशी हार घालून त्याची पूजा झाली. सातपुड्यातून आलेली भुरीबाई तोवर साऱ्या वॉर्डांच्या चादरी हातानं धूत असे. रक्ताच्या, पुवाच्या, नको त्या सगळ्याच्या. सोड्यानं तिच्या बोटांची सालं निघालेली असत आणि भाकरी थापताना ती रडते, असं तिची शेजारीण सांगायची. यंत्र आलं आणि चार महिन्यांत तिचे हात भरून आले. मग एका सकाळी यंत्र नुसतं हुंऽऽ करायला लागलं. पोट काही फिरेना. भुरीबाई दोन्ही हात पदराखाली धरून बाजूला उभी राहिली.

दगा मिस्त्रींना बोलावणं गेलं. ते आले की आधी अवजाराला हात लावत नसत. पहिल्यांदा विचारायचे, बंद पडली तव्हय कसा आवाज करे? मग उकिडवं बसून मोटरीला नाक लावायचे. जळालेल्या तारेचा वास एकदा नाकात बसला की तो मरेपर्यंत जात नाही, म्हणायचे. त्या दिवशीही त्यांनी नाक लावलं. पट्टा काढला, दांडा दोन बोटांनी फिरवून पाहिला, तो सहज फिरला. मग बटण दाबून दांड्याला हातानं एक गिरकी दिली, तशी मोटर सुरकन सुरू झाली आणि फिरत राहिली. बंद केली की पुन्हा आपली हुंऽऽ. मिस्त्री हसले. मागचं झाकण उघडून त्यांनी मला दाखवलं. मोटर उठवून देणारा एक छोटा स्वीच आत असतो, त्याच्या टोकांवर साबण, कांजी, चादरींची लव आणि एक मेलेलं झुरळ यांचा काळा चिकट लगदा साचला होता. वास असा, की मी नाक दाबून मागे सरलो. मिस्त्री मात्र बोटानं तो लगदा चोळून बघत होते. रॉकेलचा बोळा आणि काचपेपर, तासाभराचं काम.

एवढ्यात मोठे डॉक्टरसाहेब आले. पुण्याचे, नाकाला रुमाल, दारातच उभे. “काय म्हणतो तुमचा मिस्त्री?”

मिस्त्री उठून उभे राहिले. “साहेब, मोटर जयेल नही. मझारना स्वीच...”

साहेबांनी पुढचं ऐकलंच नाही. “ऐकलंत? मोटर जाईल नाही म्हणतोय. लिहून घ्या आणि त्याची सही घ्या. नावच दगा, यंत्र तरी कसं साथ देणार!” असं म्हणून स्वतःच्या विनोदावर हसत ते चालते झाले.

आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. काळा तो काया, डोळा तो डोया, आणि जळालेलं ते जयेल. मिस्त्री सांगत होते, मोटर जळालेली नाही, खोट मझारच्या म्हणजे आतल्या स्वीचात आहे. साहेबांनी ऐकलं, मोटर जाईल नाही, म्हणजे चालणार नाही. मी प्रकाशा गावचा. माझ्या आईनं मला दूध उतू गेल्यावर याच बोलीत शिव्या दिल्या आहेत. मला न कळायला काय झालं होतं? पण नोकरीला सहा महिने झाले होते, साहेबांना “तुम्ही चुकीचं ऐकलंत” म्हणायला जीभ उचलेना. मी कचेरीत जाऊन सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘मोटर निकामी असून चालणार नाही, असे मिस्त्रीचे मत पडले.’ मिस्त्रींना सहीपुरतंच लिहिता येत होतं. त्यांनी टाक हातात घेऊन विचारलं, “काय लिखं, भाऊ?”

“तुम्ही सांगितलं तेच,” मी म्हणालो.

त्यांनी जीभ दातात धरून सही केली. आणि विचारलं, मग कधी येऊ साफ करायला? मी म्हटलं, निरोप पाठवतो.

निरोप कसला जातो! यंत्र मागच्या पडवीत गेलं, त्यावर कोंबड्या बसू लागल्या. भुरीबाई पुन्हा हौदावर गेली आणि पावसाळ्यापर्यंत तिची बोटं पुन्हा सोलली. तिच्याकडे बघायचं मी टाळत असे. पुढे मुंबईहून कंपनीचा माणूस आला, त्यानं झाकण उघडलं, स्वीच पुसला आणि यंत्र चालू केलं. “कोण गाढव म्हणाला ही मोटर निकामी आहे?” साहेबांनी कागद पुढे केला. खाली सही होती, दगा. मी टेबलाशी बसलो होतो. चांगले कान उघडे ठेवून बसलो होतो.

गावात बातमी फिरायला वेळ लागला नाही. साफ करायच्या मोटरीला मेलेली म्हणणारा मिस्त्री! कापसाच्या जिनवाल्यांनी बोलावणं बंद केलं, आमच्या इस्पितळाच्या फाटकावरूनही त्यांना परत पाठवलं. जे बोलावत ते समोर उभे राहून लक्ष ठेवत. ज्या माणसाचं नाक हेच त्याचं सर्टिफिकेट होतं, त्याच्या नाकावर कुणाचा भरवसा राहिला नाही. ते विसरवाडीला जाऊन ट्रकांच्या बॅटऱ्या भरू लागले. रस्त्यात भेटले की “कसं काय भाऊ” म्हणून तेच आधी विचारायचे. मला वाटायचं, त्यांनी एकदा तरी माझी गचांडी धरावी.

शेवटी ते आमच्याच इस्पितळात आले, छाती भरून. मी रोज जाऊन बसायचो आणि रोज न सांगता उठायचो. एका सकाळी मागून यंत्राचा आवाज आला, हुंऽऽ. मिस्त्रींनी डोळे उघडले. “ऐक... जयेल नही ती. धक्का दे.” मी धावत गेलो. पट्टा काढून दांड्याला गिरकी दिली. फिरली! परत येऊन सांगितलं. त्यांनी माझा हात ओढून नाकाशी नेला, बराच वेळ हुंगला. “वास नही ना?” असं म्हणून समाधानानं डोळे मिटले. त्याच हातानं मी तो कागद लिहिला होता... तेव्हाही मी बोललो नाही. दोन दिवसांनी सतरा नंबर रिकामा झाला.

गेल्या आठवड्यात यंत्र पुन्हा अडलं. साहेब आता दुसरे आहेत, रुमाल तसाच आहे. त्यांनी लेखी अहवाल मागितला. मी झाकण काढलं, नाक लावलं, दांडा फिरवला. तोच लगदा, तीच घाण. या खेपेला ती मी स्वतः, उघड्या बोटांनी काढली. भुरीबाई शेजारी रॉकेलची बाटली धरून उभी होती. मग अहवालात लिहिलं : ‘मोटर जयेल नही. पूर्वीच्या कागदावरील मजकूर खोटा असून तो माझा आहे. हे निदान मूळ दगा मिस्त्री यांचे.’ खाली माझी सही.

काल तो कागद परत आला. लाल शाईत शेरा आहे : ‘भाषा शुद्ध करावी. सदर मिस्त्रीस समक्ष हजर करावे.’

भाषेला मी हात लावणार नाही. आणि दुसऱ्या हुकुमाखाली मी एवढंच लिहून पाठवलं आहे, की ते इथेच होते, सतरा नंबरवर.