सासूबाईंसमोरची इंग्रजी वाक्ये

आमच्या घरात नवरा-बायकोने वडीलधाऱ्यांदेखत एकमेकांशी बोलायचे नाही अशी रीत होती. सासरचे लोक मूळ वळसंगचे. थोरले दीर गिरणीत लागले, हे शाळेत मास्तर झाले आणि बिऱ्हाड शहरात शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत आले. त्याबरोबर रीतही आली. पाणी हवे असले तरी हे सासूबाईंना सांगत आणि सासूबाई मला.

या रीतीतून एकच गोष्ट सुटली होती, ती माझा अभ्यास. मी लग्नाआधी इंग्रजी चौथीपर्यंत शिकले होते आणि मी मॅट्रिक व्हावे अशी यांची फार इच्छा. शिकवणे म्हणजे काही बोलणे नव्हे, असे सासूबाईंनी आपणहून ठरवून टाकले. संध्याकाळी त्या भिंतीला टेकून वाती वळत बसत आणि त्यांच्यासमोर आमची शिकवणी चाले.

आधी शब्द, मग अर्थ, मग त्याच्या जवळचा दुसरा शब्द आणि दोघांतला फरक, आणि शेवटी वाक्य. पुस्तकातले वाक्य चालत नसे, स्वतःचे लागे. एकदा ‘इन्सिपिड’ हा शब्द आला. मला काही सुचेना, तेव्हा यांनीच मास्तरी आवाजात इंग्रजीत वाक्य सांगितले: तू माहेरी होतीस तेव्हा हे घर इन्सिपिड झाले होते. माझी मान खाली गेली, आणि यांना हसू आवरेना.

“काय म्हनला त्यो?” सासूबाईंनी मला विचारले.

“शब्दाचा अर्थ सांगितला, आत्याबाई. बेचव.”

“बेचव? माजी आमटी व्हय?”

“तुझ्या आमटीला कोण नाव ठेवील, आई?”

“मग दात कशाला काढतोस? मास्तर हायस का सोंगाड्या?”

त्या दिवसापासून आम्हांला वाट सापडली. रुसणे, विचारपूस, थट्टा, सगळे वाक्यांतून होऊ लागले. इतर बायका नवऱ्याशी काय बोलतात ते मला माहीत नव्हते. मी माझ्या नवऱ्याशी कठीण शब्दांत बोलत होते.

पुढच्या वर्षी त्यांना खोकला लागला. डॉक्टरांनी क्षय सांगितला आणि शाळेतली नोकरी सुटली. सासूबाई उशाशी बसल्या त्या तिथून हलेनात. यांना काही विचारायचे तर मला शिकवणीवाचून मार्ग नव्हता, म्हणून ती थांबली नाही. ‘ॲप्रिहेन्सिव्ह’ म्हणजे नुसता घाबरलेला नव्हे, पुढे काय होईल या विचाराने भ्यालेला, असे त्यांनी मला समजावले. मी वाक्य केले: तुम्हांला धाप लागली की तुमची बायको ॲप्रिहेन्सिव्ह होते.

“व्याकरण बरोबर आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

एके दुपारी थोरले दीर बाहेर कुणाशी तरी बोलत होते. “ह्याचं काय खरं न्हाय. मग तिला वळसंगला धाडू, शेताकडं. बुकं घिऊन काय करायचीत?” मधली भिंत पातळ होती. सासूबाईंचा डोळा लागला होता; आम्ही दोघांनी ते ऐकले.

त्या संध्याकाळी शब्द त्यांनीच निवडला: ‘पर्सिव्हिअर’. आधी त्याच्या शेजारचा ‘पर्सिस्ट’ सांगितला. पर्सिस्ट म्हणजे धरून बसणे, मग ती गोष्ट वाईटही असेल. पर्सिव्हिअर म्हणजे कष्ट पडले, साथ कुणाची नसली, तरी चांगले काम तडीस नेणे. दोन वाक्यांमध्ये ते बराच वेळ थांबत होते.

विहीर खणणारा शेतकरी पर्सिव्हिअर करतो, असे वाक्य मी केले. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“कर्ता ‘मी’ घे. काळ भविष्य.”

त्यांना हवे होते ते वाक्य मला कळले होते, म्हणूनच ते तोंडातून बाहेर येईना. ते म्हटले की त्यांच्या जाण्याला मी कबूल झाले, असे वाटत होते.

“दम खाऊ दे की तिला,” सासूबाई म्हणाल्या. “तुला तरी कुटं बोलवतंय?”

“एवढं वाक्य होऊ दे, आई.”

मी डोळे पुसत इंग्रजीत म्हटले, परीक्षेसाठी मी पर्सिव्हिअर करीन. “आणि नंतर?” त्यांनी इंग्रजीतच विचारले. नंतरही, मी म्हटले.

“बरोबर,” ते म्हणाले. त्याच आठवड्यात ते गेले.

तेराव्यानंतर थोरल्या दिरांनी पुस्तकांचे गठुडे बांधून दाराशी ठेवले. मला वळसंगला न्यायला गाडी सांगितली होती. सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

“त्या दिशी तुज्याकडनं काय वदवून घेतलं त्येनं? शब्दाला कुनी रडतंय व्हय?”

मी सगळे मराठीत सांगितले. त्या म्हणाल्या, “पुन्ना सांग.” मी पुन्हा सांगितले. मग त्यांनी आधीच्या वाक्यांविषयी विचारले, आणि थोडी मी सांगितली. त्या पदराशी चाळा करत राहिल्या.

“मला ठावं हुतं,” त्या म्हणाल्या. “शिकवताना कुनी येवडं हसतंय व्हय? बोलत हुता, बोलू दिलं.”

त्या उठल्या आणि दारातून दिरांना म्हणाल्या, “गठुडं सोड. परीक्षा हुईस्तवर ती हितंच ऱ्हाईल. मी बी हितंच.” दीर काहीतरी पुटपुटले, पण आईच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते.

संध्याकाळी सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. मी पुस्तक उघडले, शब्द वाचला, अर्थ वाचला आणि पान उलटू लागले.

“वाक्य कर की,” त्या म्हणाल्या.

मी केले. त्या ऐकून वाट पाहू लागल्या. मीही पाहत होते.

“बरोबर हाय का न्हाय,” त्यांनी विचारले, “कसं कळायचं गं आता?”

मी पुढचा शब्द घेतला.