ढ, पण कशात?

"अमका पोरगा ढ आहे," असं कुणी म्हटलं की मास्तर हातातला खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, "कशात?" समोरचा विषय बदलू लागला तरी सोडायचे नाहीत. "ढ आसंल. पर कशात ढ, ते सांगा."

आष्टीच्या शाळेत ते आणि मी शिकवायचो. राज्य निजामाचं, वरच्या वर्गांना सगळं उर्दूत. सदा चिडलेला, तरी मुलं ज्याच्याभोवतीच घोटाळतात, असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मास्तर चहा गार झाला म्हणून चिडत, फळा ओला राहिला म्हणून चिडत. मुलावर मात्र त्यांनी कधी हात उगारला नाही.

त्याचं कारण त्यांनी एकदा सांगितलं. लहानपणी ऐकलेले पाढे त्यांच्या डोक्यात राहायचे नाहीत. छडीनं बोटं सुजायची. मग शेजारच्या कुंभाराच्या अंगणात ओल्या मातीवर त्याच बोटांनी आकडे काढत बसले आणि पाढे आले. "मला कानानं येतच न्हाई, हातानं येतं. हे मार खाऊन कळलं," असं म्हणताना इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज रागानं कापत होता.

त्यांच्या वर्गात धनगराचा बाबू आला. अक्षरं त्याच्या नजरेत ठरत नसत, पण ऐकलेलं तो जसंच्या तसं म्हणायचा. मास्तरांनी त्याला आधी धडे ऐकवले. ते तोंडपाठ झाले की त्याच ओळींवर त्याचं बोट धरून फिरवायचे. पानावरचे ओळखीचे शब्द बाबूला हळूहळू सापडू लागले होते.

तेवढ्यात शाळेची तपासणी आली. तपासणीच्या साहेबांनी बाबूपुढं नवं पान धरलं. तो अडखळला. "ऐसे पढ़ते हैं," म्हणत साहेबांनीच ते घाईघाईनं वाचून दाखवलं. बाबूनं लगेच अख्खं पान न चुकता म्हटलं. मुलं आनंदानं हसली आणि साहेबांना ती थट्टा वाटली. हे वाचणं नव्हे, पोपटपंची आहे, असं म्हणून त्यांनी हेडमास्तरांना पटावरून बाबूचं नाव काटायला सांगितलं.

"साहेब, त्याची वाट निराळी हाय," मास्तर म्हणाले. "पर तो निघालाय. जरा थांबा."

साहेबांनी मान वर केली नाही. हेडमास्तरांनी टाक उचलला.

"मंग माझंबी काटा."

दोन्ही नावं गेली. पोराला काय येत नाही ते साहेबांना एका पानात दिसलं. काय येतं ते समोर घडूनही दिसलं नाही. आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं.

संध्याकाळी आम्ही बाबूच्या घरी गेलो. बाप हात जोडून म्हणाला, "गुर्जी, सायबाचा हुकूम झाला. आता कशाला?" बाबू कोकरांना पाला घालत होता. त्यानं आमच्याकडं पाहिलं नाही. बाबू पुन्हा शाळेत आला नाही.

मी मास्तरांना परतूरच्या स्टेशनवर सोडायला गेलो. निरोपाचं काही बोलतील असं वाटलं होतं. ते गाडीत बसले आणि माझ्यावरच बरसले. "दाराजवळ बसतं त्या पोराला तू अपूर्णांक तोंडानं सांगून राह्यला. कसं कळंल त्याला? भाकर दे हातात. मोडू दे त्यालाच."

गाडी हलली तरी खिडकीतून त्यांचं बोट माझ्यावर रोखलेलं होतं. "उद्याच दे. बराबर?"

पुढं ते कुठं गेले, कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी फडक्यात भाकर बांधून शाळेत गेलो.