रक्तदात्याचं कार्ड

"हे कसलं कार्ड देताय मला? रिपोर्ट कुठाय तुमचा?" डोंबिवलीच्या आमच्या डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, आणि केबिनचं दार सताड उघडं. बाहेर बसलेल्या गरोदर बायका, त्यांच्या सासवा, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोची तेवढी वळली नाही.

पंधरा दिवसांपूर्वी, तिला बारावा आठवडा लागला तेव्हा याच बाईंनी सांगितलेलं : हिला थॅलेसेमिया मायनर आहे. हिला स्वतःला त्रास नाही, पण तुम्हीही तसेच निघालात तर बाळाला मोठा आजार होऊ शकतो, जन्मभर रक्त चढवत बसावं लागेल. आजच रक्त तपासा, म्हणजे बाळाची तपासणी वेळेत होईल.

मी लॅबच्या पायरीपर्यंत गेलेलो. तिथूनच फिरलो आणि घरी येऊन ठोकून दिलं, "दिलं रक्त. एकदम क्लीन." फारसं खोटं बोलतोय असंही वाटलं नाही. कोपरीतल्या आमच्या मंडळाच्या शिबिरात मी दरवर्षी रक्त देतो. अर्धं ठाणं माझ्या रक्तावर चालतं, असं मी लग्नात भटजींनासुद्धा ऐकवलेलं. पंचवीस बाटल्या, हा माझा आकडा. एवढं तपासून घेतलेलं रक्त, त्यात खोट असती तर कुणी बोललं नसतं?

"शिबिरात ही तपासणी करत नाहीत," बाई म्हणाल्या आणि कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "आणि शिक्के चारच आहेत. दोनदा हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलंय तुम्हाला."

ते दोन शेरे मी बायकोला कधी दाखवले नव्हते. लॅबच्या पायरीवरून मला त्यांनीच मागे फिरवलं होतं.

त्याच दिवशी रक्त दिलं. मीही मायनर. तोवर बाळाची लवकर होणारी तपासणी करायची वेळ टळून गेलेली. सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबून तिच्या पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासायला काढावं लागलं, मग पुन्हा रिपोर्टची वाट. तेवढ्या दिवसांत मला एक थाप सुचली नाही.

बाळ आमच्यासारखंच निघालं, मायनर. कल्याणला सासुरवाडीत जेवायला गेलो तसा मी सुरू झालो : सुई हातभर लांब, आणि ती बघून चक्कर आली ती डॉक्टरांना, मी त्यांना धरलं. सगळे हसले. बायको ताटं उचलून आत गेली. मी मागोमाग.

"अगं, अजून रागावलीयेस?"

"नाही," ती म्हणाली. "ते पंधरा दिवस मी निवांत झोपत होते."