एका डालग्यात दोन मांजरी

विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच शेजारणीनं विचारलं नाही. ऊसतोडीला निघालेली गाडी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवतीय, मुकादम ओरडतोय, आणि ही बया घराला कुलूप घालून थेट माझ्या दारात. हातात पोतं, पोत्यात मांजर. "आक्का, पाच-सहा महिन्यांची तर गोष्ट हाय. तिकडं फडात कोपीवर, उघड्या झोपडीत, कुत्री लई, फाडून खातील हिला. तुमच्याकडं एक हायच की, दोघी राहतील गुण्यागोविंदानं." गुण्यागोविंदानं म्हणे! मी तोंड उघडेपर्यंत ती गाडीत चढलीसुद्धा.

आमची मांजर नऊ वर्षांची. पिवळी, जाडजूड, मानी. पोरी लग्न होऊन गेल्यापासून या घरात माझं ऐकणारं तेवढंच एक. दुपारी मी शिवणयंत्रावर बसले की पायाशी येऊन लोळायची. तिच्या घरात हे कुणाचं कोण आणून सोडायचं? मी नवीला मागच्या खोलीत कोंडलं. चार दिवस दोघींनी बंद दाराच्या दोन्ही बाजूंनी एकमेकींना शिव्या घातल्या. धाकटी पोरगी फोनवर म्हणाली, "आई, घाई करू नको. महिना लागला तर लागू दे."

पण आमच्या मालकांना धीर कुठला? त्यांच्या शेळ्यांची पेंड त्याच खोलीत. दार उघडायचं म्हणजे रोजची सर्कस. पाचव्या दिवशी ते वैतागले. "आई मेलेलं करडू दुसऱ्या शेळीला लावायचं असलं की काय करतो मी? तिचं दूध करडाच्या अंगाला चोळायचं अन् दोघांना एका जागी दाबून ठिवायचं. वास एक झाला की संपलं. मांजर काय येगळी हाय का?"

आवो, शेळी ती शेळी, मांजर ती मांजर! पण चाळीस वर्षं शेळ्या राखलेल्या माणसाला कोण सांगणार? दोघींना शेळीचं दूध चोळलं, दोघी कोंबड्यांच्या डालग्याखाली गेल्या, आणि वर मालक स्वतः बसले. झालं! आत असा काही कालवा उठला की डालगं एकीकडं आणि मालक एकीकडं. त्यांच्या पोटरीवर ओरखडे आले, ते बरंच झालं. पण आमची पिवळी फाटका कान घेऊन दारातून जी सुटली ती काही केल्या घरात येईना.

गेली कुठं? समोर, शेजारणीच्या कुलूपबंद घराच्या ओट्यावर. मी दूध नेलं, भाकरी कुस्करून नेली, सुकट नेली. तीन दिवस तोंड लावलं नाही. कान सुजला होता, मला हात लावू देईना. आणि इकडं ती पाहुणी माझ्या यंत्राखाली ऐसपैस पसरलेली! गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "मांजरच हाय, भूक लागली की येईल." तुमचं कुणी असं उपाशी बसलं असतं म्हणजे कळलं असतं.

त्यात संध्याकाळी शेजारणीचा फोन. "आक्का, माझी बरी हाय न्हवं?"

"तुझी मजेत हाय! माझी मरायला टेकलीय तुझ्या ओट्यावर, तुझ्यापायी!"

 ती म्हणाली, "मंग कुणाजवळ ठिवायची होती, आक्का?"

मी फोन ठेवून दिला. 

चौथ्या दिवशी दुपारी पिवळी आपणहून उंबरा ओलांडून आत आली. मला रडूच फुटलं. यंत्र सोडून खाली बसले, हात पुढं केला. ती थबकली, मला लांबून वळसा घातला आणि बाजेवर जाऊन मालकांच्या मांडीत बसली. ज्यांनी दूध चोळलं त्यांच्या! मालक हसून म्हणाले, "बघ, माझ्यावर राग न्हाई तिचा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मालकांनी माझी मांजर घालवली म्हणून मी चार दिवस गल्लीभर सांगत सुटले होते. एक तेवढं कुणालाच सांगितलं नव्हतं. मालकांच्या हाताला ती कधी लागलीच नसती. मलाही त्या दाराचा कंटाळा आला होता. तिला लाडानं हाक मारून, मांडीवर घेऊन, मान घट्ट धरून डालग्याखाली मीच सारली होती.