आईला सोबत हवी होती

आमची संस्था एकट्या पडलेल्या वृद्धांकडे गप्पा मारायला माणसं पाठवते. मी तिचा विश्वस्त आहे. म्हणजे मी स्वतः कोणाकडेही जात नाही. दर शनिवारी आम्ही विश्वस्त बैठकीत वृद्धांच्या एकटेपणावर कळकळीनं बोलतो. (बटाटेवडे येईपर्यंत. मग वड्यांवर बोलतो.)

एका शनिवारी अध्यक्षांना ताप आला नि बैठक रद्द झाली. मंडईतून गवार घेऊन मी धायरीला घरी परतलो. दार एका अनोळखी मुलीनं उघडलं!

"कोण हवंय?"

"मी इथंच राहतो!"

ती दारातून हलली नाही. आत वळून म्हणाली, "आजी, एक अंकल आलेत. ओळखता का?"

माझी सख्खी आई पत्त्यांतून मान वर न करता म्हणाली, "हो. येतात कधी कधी."

मी पिशवीसकट आत घुसलो. मुलीचं नाव रुबीना. खराडीला आयटीत नोकरी, आणि शनिवारी आमच्याच संस्थेची स्वयंसेवक! आईनं स्वतः फोन करून तिला मागवलं होतं.

"अगं, ही सेवा एकट्या माणसांसाठी आहे!" मी विश्वस्ताच्या आवाजात म्हणालो.

"मग?" आई म्हणाली.

रुबीना बिचारी सावरायला गेली. "सॉरी अंकल, आजी म्हणाल्या मुलगा लांब असतो. मला वाटलं, अमेरिकेत."

"अमेरिकेतले निदान फोन तरी करतात," आईनं पान टाकलं. "आणि हिला एकच गोष्ट दोनदा सांगितली, तरी ही 'झालंय सांगून' म्हणत नाही."

ते वाक्य माझं होतं. (रोजचं.) मी गवार मोडायला बसलो. दुसरं काय करणार?

संध्याकाळी म्हणालो, "आई, यापुढे शनिवारी मीच बसतो तुझ्याशी."

"तू? आधी शिकून ये. ती शिकून आलीय."

इरेला पेटून मी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाला गेलो. शिकवायला रुबीनाच! धडा पहिला: समोरच्याचं ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. माझ्या जोडीला एक निवृत्त गृहस्थ होते. "आमची ही गेली, तेव्हा..." एवढंच ते म्हणाले, आणि मी त्यांना एकटेपणाची कारणं समजावू लागलो. पार सरकारी धोरणापर्यंत पोचलो, तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती!

रुबीनानं मला बाजूला घेतलं. अगदी अदबीनं म्हणाली, "अंकल, राग मानू नका. पण आपण विश्वस्तच राहा."